अंगठा जपून उठवा



या व्यासपीठावरून आजवर मोठमोठे पंडित बोलून गेले आहेत. आमचे शाळेतले शिक्षण सातवीपर्यंतचे. पुढचे सारे यंत्रमागाच्या खडखडाटात आणि नगरवाचनालयाच्या बाकावर झाले. तेव्हा संगणकशास्त्राचे गूढ उकलून दाखविण्यासाठी आम्ही उभे आहोत, असे कोणी समजू नये. व्याख्यानमालेचे चिटणीस हा विषय घेऊन आले, तेव्हा आम्ही त्यांना म्हटले, "साहेब, यासाठी एखादा इंजिनियर बोलवा." ते म्हणाले, "कुलूप कसे बनते ते इंजिनियर सांगेल. घर फुटल्यावर माणसाचे काय होते ते तुम्ही पाहिले आहे." यावर आमच्यापाशी उत्तर नव्हते.

खरोखरच आम्ही ते पाहिले आहे. तीस वर्षांपूर्वी आमच्या युनियनच्या कचेरीत माणूस येई तो मजुरी कापल्याची, बोनस बुडविल्याची किंवा कामावरून काढल्याची तक्रार घेऊन. आज तोच माणूस हातात मोबाइल धरून येतो आणि म्हणतो, "भाऊ, खात्यात काहीच राहिलं नाही." मजुरी मिळवून देण्यासाठी आम्ही भांडलो. मिळालेली मजुरी टिकवावी कशी, हा प्रश्न मात्र आम्हांला नवा होता. पूर्वी मजुरी पाकिटातून हातावर पडत असे. २०१७ साली कायदा बदलून कामगाराची लेखी संमती न घेताही पगार बँकेच्या खात्यात जमा करण्याची मुभा मालकाला मिळाली. त्यात चांगले पुष्कळ झाले. हिशेब लपविणे कठीण झाले. परंतु पगाराची वाट जशी बदलली, तशी चोराचीही बदलली.

थोडे मागे जाऊ या. ही वसंत व्याख्यानांची प्रथा न्यायमूर्ती रानड्यांच्या काळात, १८७५ साली पुण्यास सुरू झाली. त्याच वर्षी, त्याच पुणे जिल्ह्यात, १२ मे रोजी सुपे येथील बाजारात शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर आणि दुकानांवर चाल केली. इतिहासात याला दख्खनचे दंगे म्हणतात. दंगेखोरांचा मुख्य रोख कशावर होता? सोन्यानाण्यावर नव्हे, तो कर्जरोख्यांवर होता. ठिकठिकाणी त्यांनी ते कागद मागून घेतले आणि जाळले. ज्याला अक्षर येत नव्हते त्या माणसालाही एवढे कळले होते, की आपली जमीन या पेटीतल्या कागदात अडकलेली आहे. त्या कागदावर त्याची निशाणी होती, कोठे नांगराची, कोठे आणखी कसली. वर काय लिहिले आहे ते त्याला वाचता येत नव्हते.

पुढे १८७९ साली सरकारने दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा केला. शेतकऱ्याचा दस्तऐवज नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यासमोर व्हावा, सावकाराने पावती द्यावी, मागितला तर हिशेब द्यावा, असे त्यात ठरले. म्हणजे कागदावर निशाणी करण्यापूर्वी एक तिसरा माणूस मध्ये उभा करण्यात आला. घाई मोडली, एकांत मोडला. आजच्या विषयाचे सार आमच्या मते एवढ्यातच आहे. मोबाइलवर येणारा सहा आकडी ओटीपी, यूपीआयचा पिन, बोटाचा ठसा, "अनुमती द्या" असे लिहिलेले बटण, या सर्व आजच्या निशाण्या आहेत. आपण त्या दिवसातून दहा वेळा उठवितो. वर काय लिहिले आहे ते वाचीत नाही; आणि मध्ये तिसरा माणूस नसतो.

आता आमच्याच घरातली गोष्ट सांगतो. ती सांगताना आम्हांला संकोच वाटतो, तरी ती टाळून या विषयावर बोलण्याचा अधिकार आम्हांला राहणार नाही.

२०२२ सालची दिवाळी. बोनसची बोलणी यशस्वी झाली होती. कोणाला किती मिळणार याबद्दल गैरसमज नकोत म्हणून आम्ही दोनशे बारा कामगारांची यादी केली. नाव, कारखाना, मोबाइल क्रमांक, बँकेचे खाते आणि बोनसची रक्कम, सगळे एका तक्त्यात. कारभार उघडा असावा ही आमची जुनी शिस्त. पूर्वी अशी यादी आम्ही कचेरीच्या फळ्यावर लावीत असू. या वेळी तिचा फोटो काढून व्हॉट्सॲपच्या गटावर टाकला आणि आम्ही स्वतःवर खूष झालो.

फळ्यावरची यादी वाचायला माणसाला कचेरीत यावे लागे, आणि आलेला माणूस आम्हांला दिसे. गटावर कोण कोण आहे हे मात्र आमच्यापैकी कोणालाच धड ठाऊक नव्हते. काम सोडून गेलेले होते, कोणाचे मेहुणे होते, एकदोन दिवाणजी होते. तेथून ती यादी कोठे कोठे गेली हे आजही आम्ही सांगू शकत नाही.

चौथ्या दिवशी आमच्या एका वयस्कर जॉबरला फोन आला. सारे गाव त्यांना तात्या म्हणते. पलीकडचा माणूस नम्र होता. त्याने नाव घेतले, कारखान्याचे नाव सांगितले, बोनसचा आकडा रुपयानिशी सांगितला. "बँकेची केवायसी अपुरी आहे, म्हणून रक्कम अडकली आहे. एक फाइल पाठवतो, ती तेवढी उघडा. ओटीपी मला सांगू नका हं, कोणालाच सांगू नका." तात्यांचा विश्वास बसला तो या शेवटच्या वाक्यावर. त्यांनी फाइल उघडली. ती एपीके जातीची फाइल होती, म्हणजे फोनमध्ये नवे ॲप बसविणारी. त्या ॲपने संदेश वाचण्याची परवानगी मागितली, तात्यांनी दिली. त्यानंतर बँकेचा ओटीपी तात्यांच्या फोनवर येण्याचा अवकाश, तो परस्पर चोराकडे जाऊ लागला. तात्यांनी ओटीपी कोणालाही सांगितला नाही. तरीही निवृत्तीनंतर मुलीच्या घरासाठी ठेवलेले एक लाख शहाऐंशी हजार रुपये एका दुपारी गेले.

चोरी कोणी केली याचा पुरावा आमच्यापाशी नाही. परंतु तो बोनसचा आकडा आमच्या यादीखेरीज कोठेही लिहिलेला नव्हता.

तात्यांनी तीन दिवस कोणाला सांगितले नाही. घरी जेवले नाहीत, विचारले तर पोटात दुखते म्हणाले. चौथ्या दिवशी वहिनी कचेरीत आल्या आणि म्हणाल्या, "भाऊ, हे गच्चीवर जाऊन बसतात. मला भ्या वाटतंय." आम्ही धावत गेलो. तात्या एवढेच म्हणाले, "पोरं हसतील रे. चाळीस वर्षं जॉबर होतो मी." आम्ही म्हटले, "तात्या, हसण्याचं नंतर बघू, आधी बँकेत चला." बँकेत गेलो, पोलिसांत गेलो, तक्रार नोंदविली. तोवर रक्कम पाच खात्यांतून फिरून निघून गेली होती. एका खात्यात चौदा हजार अडकले होते, तेवढे पुष्कळ महिन्यांनी परत मिळाले.

पैसा त्या दुपारी गेला. पण तो परत मिळण्याची आशा गेली ती त्या तीन दिवसांत. या चोरीत चोराचा सर्वांत मोठा साथीदार म्हणजे आपली लाज.

आता चोरी कशी होते ते पाहू. कुलूप फोडून होणारी चोरी आहेच. २०१८ च्या ऑगस्टमध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेच्या यंत्रणेत चोर शिरले आणि बनावट कार्डांनी देशोदेशींच्या एटीएम यंत्रांतून व इतर मार्गाने सुमारे ९४ कोटी रुपये त्यांनी लांबविले. अशी चोरी थांबविणे हे बँकेचे काम आहे. ती बँकेच्या कपाटाची चोरी आहे. परंतु आपल्यासारख्यांचे पैसे जातात ते बहुधा कुलूप फोडून नव्हे, तर किल्ली मागून. आणि किल्ली मागण्याच्या तऱ्हा तीनच आहेत. भीती, लोभ आणि घाई.

भीतीचे उदाहरण म्हणजे 'डिजिटल अटक'. व्हिडिओवर गणवेशातला माणूस दिसतो, मागे पोलीस ठाण्याची पाटी असते. तुमच्या नावाच्या पार्सलात अमली पदार्थ सापडले, तुमचे आधार गुन्ह्यात वापरले गेले, खोलीबाहेर जाऊ नका, कोणाशी बोलू नका, असा हुकूम सुटतो. शिकलेली, निवृत्त, एकटी राहणारी माणसे यात दिवसेंदिवस कोंडून घेतात आणि आयुष्याची पुंजी 'तपासणीसाठी' धाडतात. २७ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांना आपल्या आकाशवाणीवरील भाषणात याविषयी बोलावे लागले, आणि २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन या प्रकाराची दखल घेतली. आम्ही आंदोलनात दोनचार वेळा अटक भोगलेली माणसे आहोत, म्हणून अनुभवाने सांगतो. भारताच्या कायद्यात फोनवरून अटक नाही. अटक करावयाची तर पोलिसाला तुमच्या दारात यावे लागते, कारण सांगावे लागते, घरच्यांना कळवावे लागते. कोणाशीही बोलू नका असे सांगणारा पोलीस नव्हे, तो चोर.

लोभाचे उदाहरण म्हणजे घरबसल्या काम आणि शेअरबाजारातला हमखास नफा. आधी शंभराचे दीडशे खरोखरच परत मिळतात. ते दीडशे म्हणजे गळाला लावलेले आमिष. घाईचे उदाहरण म्हणजे "आज रात्री वीज तोडली जाईल", "खाते दोन तासांत बंद होईल". खरी वीज कंपनी बिल थकल्यावर नोटीस देते. ती रात्री नऊ वाजता अनोळखी क्रमांकावरून धमकी देत नाही.

फोनच्या पलीकडे कोण आहे हाही प्रश्न कामगार चळवळीने विचारला पाहिजे. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कचेरीने २०२३ साली अहवाल दिला. म्यानमारमध्ये किमान एक लाख वीस हजार आणि कंबोडियात सुमारे एक लाख माणसे अशा फसवणुकीच्या कामाला जबरदस्तीने जुंपलेली असावीत, असा अंदाज त्यात आहे. परदेशात संगणकावरचे काम, भरपूर पगार, अशा जाहिरातीला भुलून तरुण मुले जातात. तेथे पारपत्र काढून घेतात, कुंपणात कोंडतात, मारहाण करतात आणि दिवसभर फोन करायला बसवितात. मार्च २०२५ मध्ये आपल्या सरकारने वायुदलाच्या विमानांतून अशा ५४९ भारतीयांना परत आणले. म्हणजे कित्येकदा लुटला जाणाराही कामगार आणि लुटीला जुंपलेलाही कामगार. वेठबिगारी संपली असे आपण मानीत होतो. तिने फक्त हत्यार बदलले.

आणि काही साथीदार याच गावात आहेत, नकळत. आमच्या एका मागवाल्याच्या मुलाने आपले बँकेचे खाते पाच हजार रुपये महिना भाड्याने दिले. पासबुक, एटीएम कार्ड आणि खात्याला जोडलेले सिम, तिन्ही वस्तू एका 'दादा'च्या हवाली केल्या. त्याला वाटले, आपल्या खात्यात आहेच काय! दोन महिन्यांनी परराज्यातले पोलीस दारात उभे. त्या खात्यातून दुसऱ्या कोणा तात्यांचे पैसे पुढे गेले होते. मुलाचे खाते गोठले, नोकरी गेली, कोर्टाच्या तारखा सुरू झाल्या. घरात मुले असतील तर आज रात्री त्यांना एवढे सांगा, की बाळांनो, खाते भाड्याने देणे म्हणजे चोराला आपले नाव भाड्याने देणे.

आता करावयाचे काय? उपाय सांगताना आम्ही आमच्या सभेत सांगतो तसेच सांगू.

पहिली गोष्ट. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, क्यूआर कोड स्कॅन करावा लागत नाही. पिन टाकला की पैसा आपल्याकडून जातो. "पैसे पाठवतो, पिन टाका" असे जो म्हणतो त्याचा फोन तेथेच ठेवावा.

दुसरी. फोनवर कोणीही बँकेचे नाव सांगितले, तरी बोलणे थांबवावे आणि पासबुकावर किंवा कार्डाच्या मागे छापलेल्या क्रमांकावर आपण स्वतः फोन करावा. इंटरनेटवर शोधून सापडलेला क्रमांक धरू नये. तोही चोराने पेरलेला असू शकतो. बँकांच्या संकेतस्थळांच्या पत्त्याचा शेवट 'डॉट बँक डॉट इन' असा असावा, असे रिझर्व बँकेने २०२५ साली ठरवून दिले आहे. पत्त्याचा शेवट पाहण्याची सवय लावावी.

तिसरी. संदेशातून आलेली फाइल उघडून ॲप बसवू नये, मग ती लग्नपत्रिका म्हणून आलेली असो वा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून. ओळखीच्या माणसाकडून आली तरी विचारावे, कारण त्याचाच फोन चोराच्या ताब्यात असू शकतो. आपल्या फोनचा पडदा दुसऱ्याला दाखविणारे ॲप कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नये.

चौथी. पासवर्ड लांब असावा आणि प्रत्येक ठिकाणी वेगळा असावा. ईमेलचा तर सर्वांहून निराळा ठेवावा. कारण बाकीचे पासवर्ड बदलण्याची वाट ईमेलमधूनच जाते, म्हणजे तो जुडग्यातली मुख्य किल्ली. व्हॉट्सॲपमध्ये दोन टप्प्यांच्या पडताळणीची सोय आहे, ती चालू करावी. इतके पासवर्ड लक्षात राहत नाहीत ही तक्रार खरी आहे. वयस्कर माणसाने ते वहीत लिहून कपाटात ठेवावे. फोनमध्ये 'पासवर्ड' या नावाने लिहून ठेवण्यापेक्षा ते शतपट बरे.

पाचवी, आणि ही बायाबापड्यांसाठी फार महत्त्वाची. आधार क्रमांक, बँकेचे नाव आणि बोटाचा ठसा एवढ्यावर गावातल्या दुकानातून खात्यातले पैसे निघतात. ही सोय गरिबासाठीच आहे. पण ठशाची नक्कल करून पैसे काढल्याच्या घटना घडल्या आहेत. पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो, अंगठा बदलता येत नाही. म्हणून आधारच्या अधिकृत संकेतस्थळावरून आपले ठसे कुलूपबंद करून ठेवावेत आणि लागतील तेव्हा तेवढ्यापुरते उघडावेत. झेरॉक्स द्यावयाची तर ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात ती प्रत काढून द्यावी. आणि ती कशासाठी दिली ते, तारीख घालून, वर आडवे लिहावे.

सहावी. दूरसंचार खात्याच्या 'संचार साथी' या संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते पाहता येते. आपले नसलेले आढळल्यास तेथेच कळविता येते. आम्ही कचेरीत बसून पाहिले, तेव्हा एका कांडीवाल्या मावशींच्या नावावर पाच सिम निघाले. त्यांच्याकडे मोबाइल होता एकच, आणि तोही मुलाने घेऊन दिलेला.

इतके करूनही घात झाला तर? तर १९३० हा क्रमांक. तो राष्ट्रीय सायबर गुन्हे मदतीचा क्रमांक आहे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात पळत असतो. वेळेवर कळविले तर वाटेतच रोखण्याची शक्यता असते. पहिला तास लाखमोलाचा. १९३० ला सांगा, बँकेला सांगा, सरकारच्या सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक लिहून ठेवा. रिझर्व बँकेने २०१७ सालीच बँकांसाठी तत्त्व घालून दिले, की ग्राहकाची चूक नसताना त्रयस्थाने पैसे काढले आणि ग्राहकाने तीन कामकाजाच्या दिवसांत कळविले, तर नुकसान ग्राहकाच्या माथी मारू नये. ग्राहकाचीच हयगय असली तरीदेखील, कळविल्यानंतर पुढे जे जाईल ते बँकेचे. म्हणून कळविण्याची वेळ हाच आपला पुरावा. तोंडी सांगून परत येऊ नका; पोच घ्या.

येथवर आपण काय जपावे ते सांगितले. आता दुसऱ्या बाजूला वळतो, कारण सगळा भार गरिबाच्या सावधपणावर टाकून मोकळे होणे आम्हांला मान्य नाही. कारखान्यात हात कापला की पूर्वी मालक म्हणे, "त्याचे लक्ष नव्हते." कामगारांनी भांडून यंत्राला जाळी बसवून घेतली. येथेही तसेच आहे. ज्यांनी आपली माहिती गोळा केली, त्यांनी जाळी बसविलीच पाहिजे.

२४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी एकमताने निकाल दिला, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. या खटल्यातील अर्जदार होते के. एस. पुट्टस्वामी, कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती. त्यानंतर २०२३ साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. मुख्य तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात आणण्याचे ठरले. माहिती कशासाठी घेता ते सांगावे, त्याच कामासाठी वापरावी, काम संपल्यावर पुसून टाकावी, ती फुटली तर ज्याची त्याला कळवावे, असे हे तत्त्व आहे. सुरक्षेत कसूर झाल्यास अडीचशे कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. परंतु याच कायद्यात एक कलम असे आहे, की नोकरीच्या कामासाठी मालकाला कामगाराची माहिती त्याच्या संमतीवाचूनही वापरता येते. हजेरीसाठी अंगठा, तोंडाचा फोटो, फोनवरून ठावठिकाणा, हे सारे उद्या या कलमाच्या आडोशाला उभे राहील. कामगारांनी यावर डोळा ठेवला पाहिजे आणि करारात लिहून घेतले पाहिजे, की ठसे कोठे राहतील, कोण पाहील आणि माणूस काम सोडून गेल्यावर केव्हा पुसले जातील.

तुम्ही म्हणाल, आम्ही कामगार नाही. परंतु तुमच्या गृहनिर्माण संस्थेच्या दारावर मोबाइल क्रमांक लिहिलेली वही उघडी पडलेली असते. मुलांच्या शिकवणीवाल्याकडे आधारच्या प्रती असतात. भिशीच्या, सहलीच्या, भजनी मंडळाच्या गटावर याद्या फिरत असतात. त्यांपैकी एखाद्या ठिकाणी आपणच चिटणीस असतो, आपणच खजिनदार असतो. चोराला दार उघडून देणारे आपल्यातच असतात आणि ते दुष्ट नसतात. ते आमच्यासारखे कारभार उघडा ठेवणारे, भले आणि गाफील असतात.

म्हणून शेवटी आम्ही काय केले ते सांगून खाली बसतो. तात्यांच्या प्रकरणानंतर आम्ही सर्वसाधारण सभा बोलाविली आणि यादी टाकण्याची चूक आमची होती हे उभे राहून सांगितले. काही सभासद रागावले, दोघांनी वर्गणी बंद केली. त्यांचा राग योग्यच होता. गट मोडला, नव्याने केला आणि त्यात कोणाचाही खातेक्रमांक लिहावयाचा नाही असा ठराव केला. मग कपाटे उघडली. अकरा वर्षांत निरनिराळ्या अर्जांसाठी घेतलेल्या आधार, रेशनकार्ड आणि पासबुकांच्या झेरॉक्स तीन पोती भरल्या. त्यांतली काही बाडे पूर्वी आम्ही रद्दीत विकली होती, हेही त्या वेळी आठवले. ज्या कागदांचे काम संपले होते ती पोती पाच सभासदांच्या समक्ष, नोंद करून, सायझिंगच्या बॉयलरमध्ये घातली. सुप्याच्या शेतकऱ्यांनी दुसऱ्याच्या पेटीतले कागद जाळले होते. आमच्या वाट्याला आपल्याच कपाटातले जाळणे आले.

तात्या त्या दिवशी हजर होते. आता प्रत्येक पगाराच्या दिवशी सायंकाळी ते कचेरीत टेबल टाकून बसतात. कोणाला विचित्र संदेश आला, फोन आला, काही उघडावे की नको अशी शंका आली, तर तो तात्यांकडे जातो. १८७९ च्या कायद्याने मध्ये उभा केला तोच हा तिसरा माणूस. तात्यांना संगणक येत नाही. ते आलेल्याला आधी स्वतःची गोष्ट सांगतात, रकमेसकट, मग म्हणतात, "थांब, घाई कसली? बस, आपण दोघं मिळून वाचू." गेल्या दोन वर्षांत त्या टेबलापाशी किती फोन मध्येच बंद केले गेले, याची नोंद आम्ही ठेवलेली नाही. त्यांना मात्र आजवर कोणी हसलेले नाही.

तुमच्या गल्लीत, तुमच्या सोसायटीत असे एक टेबल टाकता येईल काय, एवढा विचार घरी जाताना करावा.